मुक्कामाची जोखीम : वसई परिसरातील यजमानाचे दायित्व आणि कॅरॅव्हॅन पार्कचा विमा

प्रास्ताविक

भारतीय विमा व्यवसायाचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या सनावळीतून सांगितला जातो. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ, १८५० साली तेथेच ट्रायटन, १९०७ साली मुंबईत इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ साली न्यू इंडिया, असा तो क्रम असतो. ही सनावळ चुकीची नाही. मात्र तिच्यातून एक मूलभूत प्रश्न निसटतो. नुकसान झाले तर ते कोणाच्या माथी बसावे, याचे उत्तर समाजाने कंपन्या येण्यापूर्वी कसे दिले होते आणि त्या उत्तरातून कोण वगळले गेले होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वसई परिसराच्या संदर्भात केला आहे.

निमित्त अगदी अलीकडचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. निवासाची सोय असलेले वाहन म्हणजे कॅरॅव्हॅन आणि अशी वाहने मुक्कामाला उभी करण्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह इत्यादी सोयी असलेली जागा म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क. खासगी जमीनमालकालाही असे पार्क चालविण्याची मुभा या धोरणाने दिली. अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यालगतच्या गावांत वाडीचा काही भाग पर्यटकांसाठी राखण्याची रीत रुळलेली असल्याने, हा व्यवसाय येथील वाडीवाल्यास परका वाटण्याचे कारण नाही. त्याची जोखीम मात्र परकी आहे. या किनाऱ्यावर फिरत्या मालाच्या जोखमीला फार पूर्वीपासून किंमत होती. तो माल जेथे मुक्काम करी, तेथील यजमानाची जोखीम दायित्व म्हणून ओळखली गेली, परंतु तिचा विमा कोणी उतरविला नाही.

काफिला, तांडा आणि हुंडेकरी

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनली. गोवा ते खंबायत या मार्गावर व्यापारी गलबतांचे तांडे लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात नेले जात. त्यांना पोर्तुगीज ‘काफिला’ म्हणत. शब्द मूळचा अरबी, वाळवंटातील उंटांच्या तांड्यासाठीचा. तो समुद्रावर आला. काफिल्यात सामील होणे किंवा ‘कार्ताझ’ हा परवाना घेणे म्हणजे संरक्षणाची किंमत मोजणे होय. पण संरक्षण आणि विमा या दोन भिन्न गोष्टी आहेत. संरक्षण नुकसान टाळण्याचा प्रयत्न करते, तर विमा झालेले नुकसान भरून देतो. वादळापुढे लढाऊ नौकेचा पहारा निरुपयोगी असतो. मे १६१८ मधील वादळात समुद्राचे पाणी वसई शहरात शिरले, इमारतींची छपरे उडाली आणि अनेक गलबते बुडाली, असे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर सांगते. परवाना देणाऱ्या सत्तेवर अशा हानीची भरपाई करण्याचे कोणतेही बंधन नव्हते.

खरी विम्याची कल्पना सावकारी पेढ्यांत सापडते. ‘जोखमी हुंडी’ हे तिचे सर्वांत चातुर्यपूर्ण रूप. माल गलबतावर चढविणारा व्यापारी मालाच्या भरवशावर हुंडी लिही. ती विकत घेणारा सावकार त्यास रक्कम आगाऊ देई. आणि माल पैलतीरी सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे वसूल होत. माल बुडाला तर सावकाराची रक्कमही बुडाली. कर्ज, रक्कम पाठविणे आणि विमा ही तिन्ही कामे एका कागदाने होत असत. एकोणिसाव्या शतकात अशा हुंड्यांचे वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, यावरून कंपन्यांच्या आगमनानंतरही ही रीत टिकून होती हे उघड आहे.

खुष्कीच्या मार्गावर हेच काम हुंडेकऱ्याकडे होते. आज अनेक घराण्यांच्या आडनावात उरलेला हा शब्द एका व्यवसायाचा आहे. ठरावीक रकमेत माल मुक्कामी पोहोचवायचा, वाटेतील जकाती स्वतः भरायच्या आणि तोट्याचा धोका पत्करायचा, असा तो उक्ता करार असे. कोकणातील मीठ बैलांच्या तांड्यांवर घाट चढून जाई, तेव्हा मिठाची किंमत, भाडे, जकात आणि धोका या सर्वांचा हिशोब झालेला असे. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात तेथील विम्याच्या दरांची नोंद केली आहे. धोक्याला दर असतो, ही जाणीव एतद्देशीय व्यापाऱ्यास इंग्रजांकडून शिकावी लागली नाही.

यजमान गावाची जबाबदारी

तांडा रात्री जेथे उतरे त्या गावाचे काय? याचे उत्तर पेशवाईच्या ग्रामव्यवस्थेत मिळते. चोरी झाल्यास रामोशी किंवा जागल्या पावलांचा माग काढी. माग ज्या गावाच्या शिवेत शिरे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाहीतर चोर हजर करावा किंवा नुकसान भरून द्यावे, अशी रूढी होती. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली आहे. आधुनिक परिभाषेत हे यजमानाचे दायित्वच होय. फरक इतकाच की हुंडेकऱ्यास धोक्याबद्दल मोबदला मिळे, गावास मिळत नसे. मुक्कामाचा गाव आपली जोखीम कोणाकडेही हस्तांतरित करू शकत नव्हता. ती वर्गणीने साऱ्या गावावर पडे. एका अर्थाने हा परस्पर विमाच होता, परंतु सक्तीचा आणि हप्त्याविना.

ब्रिटिश कायद्याने हा सामुदायिक भार मोडून तो व्यक्तीवर टाकला. १८६५ च्या वाहकविषयक कायद्याने माल वाहून नेणाऱ्याची आणि १८७२ च्या करार कायद्याने दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी आखून दिली. करार कायद्याचे १५१ वे कलम सांगते की अशा व्यक्तीने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी. याच सुमारास, १८६४ ते १८६७ या काळात, बॉम्बे बडोदा रेल्वे मुंबईला जोडली जाऊन विरारपर्यंत स्थानिक गाडी सुरू झाली. तांडे ओसरले आणि त्यांच्याबरोबर मुक्कामाच्या गावाचा प्रश्नही विस्मृतीत गेला.

वाहन विमित, जागा अविमित

तो प्रश्न मोटारीने पुन्हा उभा केला. त्रयस्थ पक्षाचा मोटार विमा १९४६ पासून सक्तीचा झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम ‘सार्वजनिक ठिकाणी’ चालणाऱ्या वाहनाला तो आजही बंधनकारक करते. या कायद्याच्या व्याख्येत मागे जोडलेला ट्रेलरही मोटार वाहनच ठरतो. खासगी आवार सार्वजनिक ठिकाण ठरते काय, याविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली, जुन्या कायद्याच्या संदर्भात, व्यापक अर्थ स्वीकारला आहे. म्हणजे पार्कमध्ये आलेली कॅरॅव्हॅन विमा घेऊन आलेली असते. जागेच्या मालकावर मात्र अशी सक्ती नाही आणि सक्ती नसल्याने बहुधा विचारही नाही.

या संदर्भात ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल मननीय आहे. दिल्लीतील हॉटेलच्या सेवकाकडे किल्लीसह सोपविलेली मोटार १९९८ साली चोरीस गेली. विमा कंपनीने मालकास भरपाई दिली आणि मालकाच्या जागी उभे राहून ती रक्कम हॉटेलकडे मागितली. वाहन ‘मालकाच्या जोखमीवर’ उभे आहे, एवढे पावतीवर छापल्याने स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. कॅरॅव्हॅन पार्कच्या दृष्टीने येथे भेद करावा लागेल. प्रवासी किल्ली स्वतःजवळ ठेवून गाडीतच निजतो, तेव्हा पार्कवाला केवळ जागा वापरण्याची परवानगी देतो. तीच गाडी पावसाळाभर त्याच्याकडे सोपवून प्रवासी निघून गेला, तर तो तिचा ताबेदार होतो. सर्वसाधारण सार्वजनिक दायित्व पॉलिसीतून ताब्यातील परक्या वस्तू बहुधा वगळलेल्या असतात. नेमके जेथे दायित्व सर्वांत जड, तेथे संरक्षण सर्वांत पातळ, अशी ही स्थिती आहे.

जागेच्या निवडीचे दायित्व त्याहून गंभीर ठरू शकते. स्पेनमधील बिएस्कास येथे ७ ऑगस्ट १९९६ रोजी डोंगरी ओढ्याच्या लोंढ्याने एक शिबिरतळ वाहून नेला; ८७ माणसे दगावली. धोक्याच्या जागी तळाला परवानगी दिल्याबद्दल तेथील न्यायालयाने २००५ साली शासनयंत्रणेस जबाबदार धरले. वसईस हे उदाहरण दूरचे नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला, रेल्वे ठप्प झाली आणि मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा याच किनाऱ्याला बसला. चाकांवरचे घर वाऱ्यापुढे पक्क्या घराइतके टिकत नाही, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकृत झाला. १०७ विमासंस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या. पुढे २००१ च्या अखिल भारतीय अग्निविमा दरपत्रकात वादळ व पूर यांचे संरक्षण मूळ पॉलिसीत होते, परंतु हप्ता कमी करण्यासाठी ते वगळण्याची मुभाही होती. किनाऱ्यावरील व्यावसायिकाने अशी काटकसर करावी, हे अविचाराचेच म्हणावे लागेल. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत, एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी, ही संकटे अंतर्भूत आहेत. कॅरॅव्हॅन धोरण आणि ही पॉलिसी एकाच वर्षीची, हा योगायोग. पण पार्कची स्वच्छतागृहे, विजेचे खांब आणि कुंपण यांच्यासाठी तो उपयुक्त आहे.

तरीही विमित रक्कम प्रामाणिकपणे ठरवावी लागते. चाळीस लाखांची मालमत्ता वीस लाखांची दाखवून विमा घेतला आणि दहा लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या नियमाने पाचच लाख हाती येतात. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट या पॉलिसीत माफ असते, त्यापुढची नाही. आणि या पॉलिसीतून भरपाई मिळते ती पार्कवाल्याच्या मालमत्तेची. पाहुण्याच्या इजेसाठी सार्वजनिक दायित्वाची आणि ताब्यात ठेवलेल्या गाडीसाठी त्या पॉलिसीतील वगळणूक दूर करणारी जोड, अशी दोन संरक्षणे त्याने पहिली गाडी आवारात येण्यापूर्वी स्वतंत्रपणे मागून घ्यावयाची असतात.