निविदेची पेटी

सर्वांत कमी दरवाल्याला काम, हा निविदेचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण लिफाफे टाकायची पेटी ठेवली कुठे आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. हिंदुस्थानात अर्धा निकाल त्यावरच लागत आला.

कंपनी सरकार गेलं, राणीचं आलं, तरी लष्कराच्या आणि सरकारी रेल्वेच्या मालाची पेटी लंडनलाच होती. लॅम्बेथमध्ये, टेम्सकाठी, इंडिया स्टोअर डेपो. इथल्या खात्याने मागणीपत्र धाडायचं; दर तिथे मागवायचे, भाव पौंडांत, माल तपासून जहाजात भरायचा तोही तिथेच. मुंबईच्या कारखानदाराने नमुना घेऊन लॅम्बेथ गाठायचं तरी कसं? देशी माल घ्यावा असे ठराव अधूनमधून निघत, पेटी मात्र हलत नसे. टाटांच्या पोलाद कारखान्याला वर्षाला २० हजार टन रूळ विकत घेण्याची हमी मिळाली, पण ती वाटाघाटीतून, आयात मालाच्या भावाने.

पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग अडले तेव्हा सरकारला जाग आली. १९१६ साली नेमलेल्या हॉलंड यांच्या औद्योगिक आयोगाने खरेदी इथेच करावी असं सुचवलं, आणि १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट उभं राहिलं. रुपयात दर भरायची पद्धत रुळायला आणखी काही वर्षं गेली.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीचं डीजीएस अँड डी हे केंद्राचं खरेदी खातं आलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्यांत लाखेच्या मोहरांचे लिफाफे पडत राहिले. बयाणा आणि तांत्रिक कागद एका लिफाफ्यात, दर दुसऱ्यात. ठरल्या वेळी ठेकेदारांसमोर फोडायचे, आकडा मोठ्याने वाचायचा, खाडाखोड असेल तिथे गोल करून सही. यातली एकूण एक रीत कुणाच्या तरी जुन्या लबाडीवरचा उतारा आहे. तरीही 'रिंग' व्हायचीच: दर आधीच आपसांत ठरलेले, आणि पेटीपर्यंत जाणाऱ्या परक्याला वाटेतच अडवलेलं.

ई-निविदेने ही अडवणूक बंद केली, हे तिचं मोठंच काम. २०१६ साली सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आलं, ३१ ऑक्टोबर २०१७ला डीजीएस अँड डीला टाळं लागलं. पेटी आता घरच्या संगणकावर आहे. त्यामुळे पुरवठादार आधी अटींचं पान उघडतो: गेल्या तीन वर्षांची उलाढाल किती हवी, अनुभव कसला, यंत्राचं वर्णन कुणाच्या मापाने शिवलंय. खरी खडाजंगी हल्ली दर उघडताना होत नाही, निविदापूर्व बैठकीत होते.