चवदार तळे आणि १९१७ ची घोषणा : परक्या सत्तेने दिलेल्या लोकशाहीची मर्यादा

परदेशांत लोकशाही व कायद्याचे राज्य दृढ करणे हे युरोपीय संघाच्या परराष्ट्रधोरणाचे एक उद्दिष्ट म्हणून १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात नमूद झाले. परंतु बाहेरची सत्ता दुसऱ्या समाजात लोकशाही कितपत रुजवू शकते, हा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. ब्रिटिश साम्राज्यापुरते त्याचे एक बोलके उत्तर महाडच्या इतिहासात सापडते.

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणण्याचे धोरण घोषित केले. त्यानुसार १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल पद्धती सुरू झाली. स्थानिक स्वराज्य हे ‘सोपीव’ खाते झाले. पोलीस व न्याय ही खाती ‘राखीव’ राहिली. म्हणजे हक्क जाहीर करणारे हात एक आणि त्याचे रक्षण करणारे हात दुसरे, अशी विभागणी झाली.

तिचा परिणाम लवकरच दिसून आला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तदनुसार चवदार तळे खुले केले. तथापि, बिरवाडी-पोलादपूर भागातून बाजारास वा कचेरीच्या कामास महाडला येणाऱ्या अस्पृश्यांना तेथील पाणी पूर्वीप्रमाणेच वर्ज्य राहिले.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि कागदावरील हक्क प्रथमच बजावला गेला. त्याच दिवशी प्रतिनिधींवर हल्ले झाले. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली हे खरे. परंतु ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, आणि डिसेंबरच्या परिषदेत जिल्हाधिकाऱ्यांनी तो पाळण्याचा सल्ला दिला. सत्याग्रह तहकूब झाला. याच परिषदेत आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचे उदाहरण पुढे ठेवले, हे अर्थपूर्ण आहे. युरोपातील राज्यकर्त्यांच्या आश्वासनापेक्षा तेथील जनतेने स्वतः केलेली हक्कघोषणा त्यांना अधिक जवळची वाटली.

अनादिकालापासूनची रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. नगरपालिकेच्या ठरावापासून या निर्णयापर्यंत तेरा वर्षे लोटली होती.

यावरून ब्रिटिशांनी दिलेल्या संस्था निरर्थक होत्या, असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. बोले यांच्या ठरावामुळेच महाडच्या लढ्याला वैध अधिष्ठान लाभले. मात्र ठराव करण्याची मुभा देणारी सत्ता, तो अमलात आणण्याची वेळ येताच रूढी व शांतता यांचा हवाला देऊन तटस्थ झाली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक विहिरी व तळी सर्वांना खुली केली आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. संस्था बाहेरून येऊ शकतात. त्यांना हक्काचे रूप मात्र त्या वापरण्याची किंमत मोजणारे लोकच देतात, हा महाडचा निष्कर्ष होय.