आयात मालाच्या आकड्यांची कुळकथा

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या जकातपत्रकात एका जातीच्या गुरांचं वर्णन होतं : अंगावर ठिपके, वाढ समुद्रसपाटीपासून किमान 300 मीटर उंचीवर आणि दरवर्षी निदान महिनाभर चराई 800 मीटरच्या वर. सवलत द्यायची होती स्वित्झर्लंडला. पण एकाला दिलेली सवलत इतर करारबद्ध देशांनाही द्यावी लागे. म्हणून देशाचं नाव टाळून वर्णनच असं केलं, की सखल मुलखातली गुरं आपोआप वगळली जावीत.

प्रत्येक देश मालाचं वर्णन असं सोयीने करू लागला, तर जकातीच्या दरांवर केलेले करार पोकळ ठरतात. सामाईक यादीची गरज होती. 1913 साली ब्रुसेल्समध्ये 29 देशांनी 186 नोंदींची यादी मान्य केली, पण ती व्यापाराच्या आकडेवारीपुरती. जकातीसाठीचा पहिला मसुदा राष्ट्रसंघाने 1931 मध्ये जिनिव्हात काढला. 1950 च्या करारातून घडलेली ब्रुसेल्स यादी 1959 मध्ये अमलात आली. भारताचा 1975 चा सीमाशुल्क दर कायदा तिच्याच धर्तीवर झाला. आज आयातदार ज्याला एचएस कोड म्हणतात, ती पद्धत 1 जानेवारी 1988 ला लागू झाली.

आपल्या हापूसचा कोड पाहा : 0804 50 21. 08 हे फळं आणि सुक्यामेव्याचं प्रकरण. 0804 या शीर्षकात खजूर, अंजीर, अननस यांच्या पंगतीत आंबा येतो. पुढचे 50 पेरू, आंबा आणि मँगोस्टीनचे. इथवरचे सहा आकडे ही पद्धत पाळणाऱ्या सगळ्या देशांत सारखे. शेवटचे 21 भारताने दिलेले, ताज्या हापूससाठी.

कोड ठरवताना आधी शीर्षकाचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा वाचायच्या. तरीही माल दोन शीर्षकांत बसत असेल, तर अधिक नेमकं वर्णन घ्यायचं. मिश्र वस्तूत त्यानेही उलगडा झाला नाही, तर तिचं मुख्य स्वरूप कशामुळे येतं ते पाहायचं. तेही जमलं नाही, तर क्रमाने नंतरचं शीर्षक. या नियमांत शुल्काच्या दराला कुठेही जागा नाही. त्यामुळे कमी दर पाहून कोड निवडणारा आयातदार आणि महसुलासाठी तो बदलणारा अधिकारी, दोघंही सारखेच चुकतात. शंका असेल तर माल बंदरात येण्याआधीच अग्रिम निवाडा मागावा. त्यासाठीचं प्राधिकरण मुंबईतही आहे.