अंतरपाटाबाहेरचा कामगार

नागपूरच्या कामगारांचा इतिहास 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपासून सांगण्याचा प्रघात आहे. मिलला भोंगा होता, हजेरीपट होता. म्हणून तेथील श्रमाची नोंद राहिली. परंतु महाल, इतवारी, सीताबर्डीच्या फोटो-स्टुडिओंतून लग्नसराईत राबलेल्या माणसाची नोंद कोणी ठेवली?

त्याचे काम कसे होते ते पाहा. 120 क्रमांकाच्या रिळावर 6 सेंटिमीटरचे चौकोनी फोटो अवघे 12 निघत. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकच. तो हुकला, तर चूक उमगे रीळ धुतल्यावर. नागपुरात वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. रीळ धुण्याचे द्रावण मात्र 20 अंशांच्या आसपास हवे, नाहीतर फिल्मवरचा थर मऊ पडतो. म्हणून बर्फाचे तुकडे भोवती रचून अंधाऱ्या खोलीत रात्र काढायची.

1960 मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे फिल्म करणारा पगारपत्रकावर आला. ती वापरणारा हंगामापुरताच राहिला. पुढे डिजिटल कॅमेरा आला, रीळ गेले, आणि थकलेल्या हातांचा हिशेब मागावा कोणाकडे, हेच कळेना.

यात आमचाही दोष आहे. मिलच्या फाटकावर शेकडो माणसे एकदम भेटत; स्टुडिओत एक, फार तर दोन. आम्ही फाटकावरच उभे राहिलो.

श्रोतेहो, घरचा जुना आल्बम उघडा. त्यात सारे वऱ्हाड आहे. ते टिपणारा नाही. फोटोमागे शिक्का असलाच, तर तो स्टुडिओचा. रात्रभर जागलेल्याचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.