अनामिक ज्यूरी

फौजदारी खटल्यात ज्यांची नावे, पत्ते व कामाचे ठिकाण उघड केले जात नाही, अशा सदस्यांची ज्यूरी. न्यायालयात या सदस्यांना फक्त क्रमांकाने संबोधतात. साक्षीदारांप्रमाणे ज्यूररनाही धमक्या किंवा लाच येण्याची भीती असते, म्हणून ही पद्धत अमेरिकेत रूढ झाली. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात १९७७ साली अमली पदार्थांचा बडा व्यापारी लिरॉय ‘निकी’ बार्न्स याच्या खटल्यात न्यायाधीश हेन्री वर्कर यांनी प्रथमच पूर्णपणे अनामिक ज्यूरी नेमली. बार्न्सला जन्मठेप झाली. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने ही नेमणूक वैध ठरवली, मात्र निर्णय एकमताचा नव्हता.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप ज्यूरीच्या निवडीविषयी आहे. ज्यूरी निःपक्ष असावी, हा अमेरिकी संविधानाच्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला दिलेला हक्क आहे. निवडीच्या वेळी उमेदवारांची तोंडी तपासणी होते. त्यानंतर गंभीर फेडरल गुन्ह्यात बचाव पक्षाला दहा व सरकारी पक्षाला सहा उमेदवार कारण न देता वगळता येतात (मृत्युदंडाच्या खटल्यात प्रत्येकी वीस). उमेदवार कोण, राहतो कुठे, हेच ठाऊक नसेल तर वकिलाने हा अधिकार कशाच्या आधारे वापरावा? वंशावरून उमेदवार वगळण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात सरकारी पक्षाला मनाई केली. माहिती आटली की वकील चेहऱ्यावरून अंदाज बांधू लागतो, आणि या मनाईमागचा हेतूच धोक्यात येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपले नाव लपवले जात आहे हे कळताच समोरचा आरोपी धोकादायक असणार, असे ज्यूररला वाटू लागते. पुरावा पुढे येण्याआधीच निर्दोषत्वाच्या गृहीतकाला असा तडा जातो. म्हणून १९८५ च्या थॉमस खटल्यात दोन अटी घालण्यात आल्या: ज्यूरीला संरक्षणाची गरज असल्याचे सबळ कारण हवे, आणि आरोपीविषयी पूर्वग्रह होऊ नये म्हणून न्यायाधीशाने वाजवी खबरदारी घ्यावी. व्यवहारात न्यायाधीश सविस्तर प्रश्नावली भरून घेतात. वृत्तपत्रांचा त्रास टाळण्यासाठी नावे गुप्त ठेवली आहेत, असेही कधी ज्यूररना सांगितले जाते. खटल्यात तेच खरे कारण नसेल, तर न्यायासनावरून असे सांगणे अनुचित आहे. नावे जनतेपासून लपवून दोन्ही पक्षांच्या वकिलांना देणे हा मार्ग न्याय्य वाटतो. डॉनल्ड ट्रम्प यांच्यावरील २०२४ च्या न्यूयॉर्क खटल्यात तोच अवलंबला गेला.

नाव लपवल्याने ज्यूरर प्रामाणिक राहीलच असे नाही. माफिया टोळीप्रमुख जॉन गॉटी १९८७ मध्ये अनामिक ज्यूरीपुढे निर्दोष सुटला. तिच्यातील एका सदस्याने स्वतःच टोळीशी संधान बांधून आपले मत साठ हजार डॉलरला विकले होते, हे नंतर सिद्ध झाले. १९९२ च्या खटल्यात ज्यूरी पुन्हा अनामिक होती, शिवाय तिला बाहेरच्या संपर्कापासून दूर ठेवले होते. त्या ज्यूरीने गॉटीला दोषी ठरवले व त्याला जन्मठेप झाली.