शब्दांचा सातबारा

आजचा विषय ऐकायला नवा वाटेल. पण त्यातले भांडण जुने आहे. सार्वजनिक संकेतस्थळावर माणसे जे लिहितात, जी छायाचित्रे चढवतात, त्यांचा मालक कोण, असा हा प्रश्न आहे. आपल्याच गावात कोणी ग्रामदैवताच्या यात्रेची हकीकत लिहून टाकतो, कोणी घराण्याची वंशावळ, कोणी आजीच्या तोंडच्या ओव्या. हे सारे जाते कोठे आणि होते कोणाचे, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. मी कायद्याचा पदवीधर नव्हे. कामगारांच्या करारांची कलमे वाचता वाचता जो थोडाफार कायदा डोक्यात शिरला, तेवढ्याच भांडवलावर बोलणार आहे.

प्रथम लंडनला जाऊ. अठराव्या शतकात तेथे एडमंड कर्ल नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. दुसऱ्यांची खाजगी पत्रे पैदा करून छापायची, या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १७४१ साली त्याने कवी अलेक्झांडर पोप आणि जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार छापला. पोप न्यायालयात गेला. कर्लच्या बाजूने म्हणणे असे पडले, की पत्र म्हणजे धाडणाऱ्याने दिलेली भेट; दिली ती दिली. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी ते मानले नाही. कागद ज्याला पत्र आले त्याचा, परंतु तेवढ्यावरून तो मजकूर जगापुढे छापण्याची मुभा कोणाला मिळत नाही, असे त्यांनी ठरवले. आणि मौज अशी, की मनाई हुकूम पोपने स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरताच दिला. त्याला आलेल्या पत्रांना तो लागू नव्हता. कागद एकाचा आणि शब्द दुसऱ्याचे, ही फोड त्या निवाड्यात झाली. आज कागदाच्या जागी यंत्रे आली, एवढाच फरक.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. मात्र नोकरीचे काम म्हणून ती निर्माण झाली असेल आणि उलट करार नसेल, तर मालकी धन्याची. संकेतस्थळावर लिहिणारा कोणाचा नोकर नसतो, म्हणून तो मालक. आणि नोकर नाही, म्हणूनच त्याला वेतनही नाही. हे एवढे ध्यानात असू द्या. त्याच १९५७ च्या १ एप्रिलला, काही अपवाद सोडता, मुंबई राज्यातील कुळे कूळ कायद्यान्वये आपण कसत असलेल्या जमिनीची मालक ठरली. कुळाला जमीन मिळाली. लेखकाला पीक मिळाले. ते पीक तो कोणाच्या जमिनीत काढतो, हा प्रश्न त्या दुसऱ्या कायद्यापुढे नव्हताच.

पुढे तो आला, आणि आला अमेरिकेत. १९९४ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी एक कंपनी काढली. तीच पुढे जिओसिटीज या नावाने प्रसिद्धीस आली. मागेल त्याला फुकट जागा, त्यावर ज्याने त्याने आपापली पाने रचावीत, अशी ती योजना. जागेच्या वस्त्या पाडलेल्या होत्या. अथेन्स वस्तीत साहित्य आणि तत्त्वज्ञान, हॉलिवूडमध्ये चित्रपट, हार्टलँडमध्ये घरगुती विषय. आणि प्रत्येक पानाला वस्तीचे नाव व घर क्रमांक. रंग भडक, अक्षरे लुकलुकणारी. जाणत्यांनी नाके मुरडली. पण ज्यांचे नाव कधी छापून आले नसते अशा माणसांनी तेथे आपले छंद, आपली दुखणी, आपली मुलेबाळे, आपले मेलेले कुत्रे, सारे काही मांडले. नव्याला शिकवायला जुने रहिवासी विनामूल्य पुढे येत. चाळीतल्यासारखा शेजार होता म्हणा ना.

या रहिवाशांना कंपनीने ‘होमस्टेडर’ असे नाव दिले होते. हा शब्द ज्याने निवडला तो मोठा हुशार असला पाहिजे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत शेतकऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे, आणि पाच वर्षे तेथे राहून ती कसली की थोडक्या फीमध्ये त्याच्या नावावर होई. (ती जमीन मुळात तेथल्या आदिवासींकडून काढून घेतलेली, हा भाग त्या कौतुकात सहसा गाळला जातो.) जिओसिटीज निघून पाच वर्षे भरली ती १९९९ साली. त्याच वर्षी याहू या कंपनीने तिला सुमारे ३५७ कोटी डॉलर किमतीच्या समभागांच्या मोबदल्यात विकत घेतले. मोबदला अर्थातच भागधारकांचा. आणि ‘होमस्टेडर’च्या हाती जून महिन्याच्या अखेरीस एक नवी नियमावली पडली.

त्या नियमावलीत रहिवाशाची मालकी काढून घेतली आहे असे कोठेही लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते असे, की येथे ठेवलेला मजकूर वापरण्याचा, छापण्याचा, बदलण्याचा, भाषांतरित करण्याचा, इतरांस वापरू देण्याचा कायमचा, रद्द न होणारा आणि बिनमोबदल्याचा परवाना कंपनीला राहील. आज ठाऊक असलेल्या आणि पुढे निघतील त्या सर्व माध्यमांत. कराराची भाषा वाचायची सवय असलेल्याला यातली मेख लगेच कळेल. सातबाऱ्यावर नाव तुमचेच, फक्त पीक कापण्याचा अधिकार कायमचा दुसऱ्याला लिहून दिलेला. अशा परवान्यात ‘कायमचा’ हा शब्द कधी चुकत नाही. आपल्याकडेही हक्क देताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. म्हणून आपल्याकडचे वकीलही तो विसरत नाहीत.

यानंतर जे झाले त्याला मी संप म्हणतो. रहिवाशांनी आपल्या पानांवरचे रंग उतरवून टाकले. भडक वस्त्या करड्या पडल्या, आणि चित्रांच्या जागी त्या नियमावलीतलीच वाक्ये लटकू लागली. या आंदोलनाला त्यांनी नाव दिले होते भुताटकीचे. कित्येक जण बिऱ्हाड उचलून निघून गेले. कंपनीने आधी आमचा हेतू तसा नव्हता म्हणून पाहिले. पण बहिष्कार पसरला तेव्हा जुलै महिन्यातच कलम बदलले. मजकुराची मालकी आमची नाही असे स्पष्ट लिहिले, आणि परवाना सेवा चालवण्यापुरता आखडून घेतला. एकेकट्या माणसाच्या पानाला बाजारात दमडीची किंमत नव्हती. किंमत होती ती ढिगाला, आणि ढीग हलू लागलेला पाहून कंपनी हलली. कोणत्याही न्यायालयाची पायरी न चढता, अवघ्या काही दिवसांत मिळालेला हा विजय आहे. त्याचे मोल मी कमी करणार नाही.

पण भिंत कोणाची, हे राहिलेच. मागे एका कारखान्याच्या दाराशी आमच्या युनियनचा फळा होता. फळा आमचा, खडू आमचा, मजकूर आमचा, भिंत मालकाची. तंट्याच्या दिवसांत एके सकाळी भिंतीला नवा चुना लागला आणि फळा गोदामात गेला. मागितल्यावर तो सुखरूप परत मिळाला, कारण मालकी आमची होती, ती कोणी नाकारलीच नव्हती. टांगायचा कोठे, एवढाच प्रश्न उरला.

जिओसिटीजचा चुना दहा वर्षांनी लागला. एप्रिल २००९ मध्ये याहूने ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद केली. आपापले सामान काढून न्या, असे सांगितले होते. पण घर बांधून गेलेला, पत्ता बदललेला, किंवा वारलेला माणूस कोठून येणार? जपानमधली शाखा तेवढी ३१ मार्च २०१९ पर्यंत तगली. अमेरिकेतले जे वाचले ते इंटरनेट आर्काइव्ह आणि आर्काइव्ह टीम या नावाने काम करणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. त्यांनी मुदत संपण्यापूर्वी जमेल तेवढ्या पानांच्या नकला उतरून घेतल्या. काटेकोर कायद्याने पाहिले, तर त्या नकलांना मूळ मालकांची परवानगी नव्हती.

त्याच १९९९ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कला एक दावा दाखल झाला होता. अमेरिका ऑनलाइन या कंपनीसाठी हजारो स्वयंसेवक चर्चा सांभाळीत, नव्यांना मदत करीत. बदल्यात त्यांना जोडणी फुकट किंवा स्वस्तात मिळे. त्यांतल्या काहींनी मालकीचा प्रश्नच काढला नाही. आम्हाला ठरलेले तास भरावे लागतात, कामाचा अहवाल द्यावा लागतो, वर देखरेख असते, तेव्हा किमान वेतनाच्या कायद्याप्रमाणे आमची मजुरी द्या, एवढेच म्हणाले. प्रकरण अकरा वर्षे चालले आणि २०१० साली दीड कोटी डॉलरांवर मिटले. न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले असे नव्हे, तडजोड झाली. तथापि आज सांगितलेल्या हकीकतींत फुकट राबणाऱ्यांच्या हाती रोख पैसा पडला तो याच एका प्रकरणात, आणि तो मागितला होता मजूर म्हणून, मालक म्हणून नव्हे. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

अगदी अलीकडचे सांगतो. जून २०२३ मध्ये रेडिट या संकेतस्थळावरच्या हजारो समूहांची दारे त्यांच्या बिनपगारी व्यवस्थापकांनी बंद केली; बाहेरच्या कार्यक्रमांवर कंपनीने बसवलेल्या भारी आकाराचा तो निषेध होता. दारे उघडा, नाही तर तुमच्या जागी दुसरे नेमू, असा इशारा कंपनीने दिला आणि बहुतेक दारे उघडली. आकार कायम राहिला. २०२४ च्या आरंभी, समभाग विक्रीस काढण्यापूर्वीच्या दस्तऐवजात त्याच कंपनीने नमूद केले, की लोकांनी लिहिलेला मजकूर इतर कंपन्यांना वापरू देण्याचे एकूण २० कोटी ३० लाख डॉलरांचे दोन ते तीन वर्षे मुदतीचे करार तिने केले आहेत. मजकूर मात्र लिहिणाऱ्याचाच, असे तिची नियमावलीही म्हणते. त्या मार्चमधल्या विक्रीत कंपनीने निवडक सदस्यांसाठी आणि व्यवस्थापकांसाठी काही समभाग राखून ठेवले होते. फुकट नव्हेत, बाकीच्यांना लावलेल्या भावाने, एकेक ३४ डॉलरना.