कागदावर नसलेली बंदी

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९५१च्या हंगामात नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. जेझुइट पाद्री चालवत असलेले हे लहानसे विद्यापीठ. त्याच्या संघाला ‘डॉन्स’ म्हणत. प्रशिक्षक होते जो कुहारिच, आणि संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण होता पीट रोझेल, जो पुढे १९६० ते १९८९ अशी जवळजवळ तीन दशके एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा आयुक्त होता. संघातल्या ऑली मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले. दोन्ही बाबतींत देशात तो पहिला होता. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्धचा सामना डॉन्सनी ३२-२६ असा जिंकला, त्यात मॅटसनने सुरुवातीचा चेंडू झेलून थेट पलीकडच्या टोकापर्यंत नेण्याचा पराक्रम दोनदा केला. अशा हंगामानंतर चांगल्या संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ सामन्यांची बोलावणी येत. मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लीन्सचा शुगर बाउल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल, डॅलसचा कॉटन बाउल असे हे सामने त्या त्या शहरातल्या समित्या भरवत आणि पाहुण्या संघाला उत्पन्नातला वाटा देत. डॉन्सना यांपैकी एकाही समितीने बोलावले नाही. संघातल्या खेळाडूंनी पुढे कायम एकच कारण सांगितले. मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते. त्यांना घरी ठेवून या, असा निरोप दक्षिणेकडून आला आणि संघाने तो धुडकावला.

ही हकिगत आज अमेरिकेत आदराने सांगितली जाते. पण इतिहास लिहिणाऱ्यापुढे तिच्यात एक खरी अडचण आहे. ज्याच्यावर बोट ठेवता येईल असा कागद तिच्यामागे उभा नाही. जे आहे ते मुख्यतः माणसांनी सांगितलेले आहे. म्हणून काही जाणकार तिच्याकडे संशयाने पाहतात, आणि तो संशय सरळ बाजूला सारणे योग्य नाही. माझे म्हणणे असे की कागद नसणे हाच त्या बंदीचा स्वभाव होता. तोंडी चालणारी बंदी सिद्ध करायची तर एका घटनेचा पुरावा मागून भागत नाही. आजूबाजूच्या वर्षांत त्याच समित्या, तशीच विद्यापीठे, तशाच प्रसंगी कशी वागली ते शेजारी ठेवून पाहावे लागते. तसे पाहिले की खेळाडूंची हकिगत टिकते. शिवाय ‘तो काळच तसा होता’ हे सोयीचे स्पष्टीकरण मात्र टिकत नाही, हेही दिसते.

सर्वांत जवळचे उदाहरण दुसऱ्या एका जेझुइट संस्थेचे आहे. बॉस्टन कॉलेजमध्ये १९३९ आणि १९४० या दोन हंगामांत लू मॉन्टगोमेरी नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. १९४०च्या पहिल्या दिवशी हा संघ डॅलसला कॉटन बाउलमध्ये क्लेमसनविरुद्ध उतरला, पुढच्या वर्षी न्यू ऑर्लीन्सला शुगर बाउलमध्ये टेनेसीला त्याने हरवले, आणि दोन्ही सामन्यांत मॉन्टगोमेरीला मैदानावर उतरू दिले नाही. दक्षिणेकडचे संघ बॉस्टनला आले तेव्हा स्वतःच्या शहरातही त्याला बाहेर बसवले गेले. हा अपवाद नव्हता. उत्तरेकडची विद्यापीठे दक्षिणेशी खेळताना आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला वगळतील, हा समझोता इतका रुळलेला होता की त्याबद्दल पत्रव्यवहार करण्याचीही गरज अनेकदा पडत नसे. ज्याला वगळायचे त्याला आपल्याच प्रशिक्षकाकडून कळत असे. धर्म तोच, संस्थेची परंपरा तीच, मोह तोच. अकरा वर्षांपूर्वी बॉस्टनने जे मुकाट मान्य केले ते सॅन फ्रान्सिस्कोने मान्य केले नाही. हे दोन संघ शेजारी ठेवले म्हणजे डॉन्सच्या नकाराचे वजन कळते. न्याय्य वागणे तेव्हाही सुचत होते. ते करणाऱ्याला मोठी किंमत मोजावी लागे, आणि न करणाऱ्याला कोणी जाब विचारत नसे.

संशय घेणाऱ्यांचा पहिला आक्षेप खेळाबद्दलचा आहे, आणि तो बिनबुडाचा नाही. डॉन्सचे प्रतिस्पर्धी कमकुवत होते. एका हंगामात दोनदा सॅन होजे स्टेट, नौदलाचा आणि मरीन सैनिकांचा संघ, सांता क्लारा, लॉयोला अशी ती यादी. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यापीठांपैकी एकाशीही त्या वर्षी सामना नव्हता. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातला आयडाहो तेवढा यादीत होता, पण तो त्या कॉन्फरन्सचा दुबळा सभासद. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत डॉन्स चौदावे होते. मग ऑरेंज किंवा शुगर बाउलच्या समितीने त्यांच्याहून वरचे संघ निवडले, यात वंशद्वेष कशाला शोधायचा? सर्वांत वरच्या संघांच्या बाबतीत हा युक्तिवाद चालतो. शुगर बाउलला मेरीलँड आणि टेनेसी गेले, ते त्या वर्षीचे खरोखर बलाढ्य संघ होते. पण बाउलच्या समित्या क्रमवारी पाहून खालपर्यंत न्यायाने उतरत होत्या, असे मानता येत नाही. गेटर बाउलला मायामी आणि क्लेमसन खेळले. एल पासोच्या सन बाउलला तर कॅलिफोर्नियातलाच कॉलेज ऑफ द पॅसिफिक बोलावला गेला, ज्याला डॉन्सनी हंगामाच्या शेवटी शेवटी ४७-१४ असे झोडपले होते. रोझ बाउलचा प्रश्न वेगळा. तिथल्या जागा कराराने दोन कॉन्फरन्सच्या संघांसाठी बांधलेल्या होत्या, त्यामुळे डॉन्सना ती वाट बंदच होती. उरलेल्या ठिकाणी प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा हे एक कारण असू शकते. ते पुरेसे कारण नाही.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण तो माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणतो. पॅसिफिकच्या संघात एडी मेकन हा कृष्णवर्णीय धावपटू होता, आणि तरी त्या संघाला टेक्सासमधून बोलावणे आले. मग वर्ण हा अडसर होता असे कसे म्हणायचे? उत्तर एल पासोच्या आधीच्या तीन वर्षांत आहे. १९४८च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेत कॉलेजला याच सन बाउलचे बोलावणे होते. डेव्हिड शोवेल हा आपला कृष्णवर्णीय खेळाडू तिथे खेळू शकणार नाही असे कळल्यावर कॉलेजने नकार दिला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना तार गेली आणि एल पासोची देशभर नाचक्की झाली. १९५०मध्ये लॉस एंजेलिसच्या लॉयोला विद्यापीठाने याच कारणासाठी एल पासोतला सामना सोडून दिला. ही दुसरी चपराक बसल्यावर टेक्सास विद्यापीठाच्या विश्वस्तांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव करणारा आपला नियम एल पासोपुरता सैल केला. म्हणजे मेकनच्या संघाला उघडलेले दार आपोआप उघडले नव्हते. आधी दोन कॉलेजांनी त्या दारावरून परत फिरण्याची किंमत मोजली होती. मायामी, न्यू ऑर्लीन्स आणि जॅक्सनव्हिल इथल्या बाउलना अजून कोणी तसा धक्का दिलेला नव्हता.

याच माहितीतून दुसऱ्या, जास्त वापरल्या जाणाऱ्या आक्षेपाचे उत्तर मिळते. दक्षिणेतला वर्णभेद ही समाजाची रीत होती, समितीतली चार माणसे ती कशी बदलणार, असे म्हटले जाते. पण डॅलसच्या कॉटन बाउलने १९४८च्या सामन्याला पेन स्टेटचा संघ वॉली ट्रिपलेट आणि डेनिस होगर्ड या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह बोलावला. हॉटेलांचा प्रश्न होता म्हणून संघाला शहराबाहेर नौदलाच्या तळावर उतरवावे लागले. सामना झाला, ट्रिपलेटने केलेल्या टचडाउनमुळे सदर्न मेथडिस्टशी १३-१३ अशी बरोबरी झाली, आणि डॅलस जागच्या जागी राहिले. त्याच पेन स्टेटने १९४६मध्ये मायामीतला सामना रद्द केला होता, कारण तिथे आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना घेऊन जाणे शक्य नव्हते. एकच दशक, एकच वर्णभेदी प्रदेश, पण एका शहराच्या समितीने एक ठरवले आणि दुसऱ्या शहरात दुसरे ठरले. रीत होती, दडपण होते, ते मी नाकारत नाही. पण त्या दडपणाखाली निर्णय घेणारी माणसे होती, त्यांच्यापुढे पर्याय होते, आणि काहींनी ते वापरलेही. जबाबदारी काळावर ढकलली की ती कोणाचीच उरत नाही.

तिसरा आक्षेप स्मृतीबद्दल आहे: खेळाडूंनी ही हकिगत म्हातारपणी रंगवून सांगितली असेल. माणसाची आठवण गोष्टीला घाट देते, हे खरेच. कोणत्या समितीने नेमका कोणत्या शब्दांत निरोप दिला, या तपशिलावर मीही भार टाकणार नाही. पण आरोप म्हातारपणी सुचलेला नव्हता. दक्षिणेतल्या बाउलना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको आहे, असे आयरा ब्लू या सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडा निवेदकाने तेव्हाच रेडिओवर सांगितले होते. आणि ज्यांना तरीही ठोस पुरावाच हवा त्यांनी त्याच शरद ऋतूतली दुसरी घटना पाहावी. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर इथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा, चेंडू त्याच्यापासून दूर असताना, प्रतिस्पर्ध्याने प्रहार करून मोडला. ‘डे मॉइन रजिस्टर’च्या जॉन रॉबिन्सन आणि डॉन अल्टॅंग यांनी त्याची क्रमवार छायाचित्रे टिपली, त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. इतका डोळ्यांदेखतचा पुरावा असूनही दोन्ही संघांच्या कॉन्फरन्सने मारणाऱ्यावर कारवाई केली नाही, आणि शेवटी ड्रेकच त्या कॉन्फरन्समधून बाहेर पडले. छायाचित्रे असताना जिथे कोणी जबाबदारी घेतली नाही, तिथे बंद खोलीतल्या निवडीची टिपणे कोणी ठेवली नाहीत याचे नवल वाटू नये.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. हंगाम संपल्यावर काही आठवड्यांतच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला, आणि ‘तत्त्वासाठी संघ गमावला’ असे वाक्य मग सहज लिहिले जाते. मला ते अतिशयोक्त वाटते. केझार स्टेडियममध्ये १९४६पासून फोर्टी-नायनर्स हा व्यावसायिक संघ खेळू लागला होता आणि शहरातला प्रेक्षक तिकडे वळला होता. सेंट मेरीजने १९५०च्या हंगामानंतर फुटबॉल सोडला, लॉयोलाने १९५१नंतर, सांता क्लाराने १९५२नंतर. कॅलिफोर्नियातल्या कॅथलिक महाविद्यालयांना हा खर्च एकामागून एक झेपेनासा झाला होता. बाउलच्या एका सामन्याचे उत्पन्न मिळाले असते तर मरण फार तर लांबले असते. पण यामुळे नकाराचे मोल कमी होत नाही. संघ तोट्यात आहे हे विद्यापीठात गुपित नव्हते, आणि अशा वेळी जानेवारीच्या एका दुपारचा पैसा किती हवासा वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको. जे खेळाडू गप्प बसले असते तर निदान एक मोठा सामना खेळले असते, त्यांना लॉयोलाविरुद्धचा २०-२ चा विजय हाच शेवटचा सामना ठरला.

त्यातले तिघे, मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. टोलरचा गुडघा १९५२च्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन ऑल-स्टार सामन्यात कामातून गेला. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक आणि मुख्याध्यापक झाला, आणि १९६५मध्ये एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. कॅलिफोर्निया गोऱ्यांचेच राहावे अशी घोषणा देत निवडणूक लढवलेल्या जेम्स फीलन यांचे नाव विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला होते. २०१७मध्ये ते काढून तिथे टोलरचे नाव लावले गेले.

बंदी अलिखित होती याचा मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र ती मोडल्यानंतरचा आहे. १९५६च्या शुगर बाउलला पिट्सबर्गने बॉबी ग्रिअर या आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला वगळण्यास नकार दिला. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन यांनी जॉर्जिया टेकच्या संघाला खेळू देऊ नये असा आग्रह धरला, तेव्हा टेकच्याच गोऱ्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला, आणि सामना झाला. त्याच वर्षी लुइझियानाच्या विधिमंडळाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंनी एकत्र खेळण्यास बंदी घालणारा कायदा केला. शुगर बाउल भरू लागला होता १९३५मध्ये; त्यानंतरची वीस वर्षे असा कायदा लागला नव्हता, कारण पाहुणे संघ स्वतःच आपली माणसे मागे ठेवून येत होते. आणि कागदावर आल्यामुळे ती बंदी पहिल्यांदाच न्यायालयापुढे नेता आली. जोसेफ डॉर्सी या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने ती नेली. १९५८मध्ये संघराज्य न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.